वाचकांचे प्रश्न: हेरातचं पाणी, काबूलची वीज

गेल्या अंकात मी पुल-ए-खुमरी ते काबूल या वीजवाहिनीवर काढलेल्या दोन हंगामांबद्दल लिहिलं होतं. २०२ किलोमीटरची ही २२० केव्हीची लाइन भारत सरकारने अफगाणिस्तानला बांधून दिली. २००९ साली तिच्यावरून उझबेकिस्तानची वीज काबूलच्या चिमतला सबस्टेशनात पोचली. मी तिथे टॉवरच्या फाउंडेशनचं काम बघत होतो. लेखावर बरीच पत्रं आली, काही कौतुकाची, काही रागाची. रागाची आधी घेतो, कारण त्यांतले प्रश्न खरे आहेत.

प्रश्न: तुमचा लेख वाचला. चांगला आहे, पण चीड आली. आमच्या माण तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागतं आणि आपलं सरकार हेरातला १,७०० कोटींचं धरण बांधून देतं. घरचं झालं थोडं, अशी गत. हे कुणी विचारायचं की नाही?
– एक शेतकरी, माण

दादा, विचारायचंच. तुमच्या पत्रातला टँकर मला दिसतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

तुम्ही म्हणता ते सलमा धरण. हेरात प्रांतात, चिश्त-ए-शरीफ जिल्ह्यात, हरी रूद नदीवर. १९७६ साली सुरू झालेलं काम युद्धात बंद पडलं आणि अर्धवट तसंच राहिलं. ते पुढे भारताने हाती घेतलं, वापकोस या आपल्या सरकारी कंपनीकडे दिलं आणि ४ जून २०१६ ला त्याचं उद्घाटन झालं. ४२ मेगावॉट वीज आणि ७५,००० हेक्टरला पाणी, असा त्याचा हिशोब. सुरुवातीचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, तो १,७०० कोटींवर गेला. हा फुगलेला आकडा ऐकून तुम्हाला राग येणं स्वाभाविक आहे, मलाही आला होता.

मग आकडा का फुगला? उशीर हे एक कारण, आणि दुसरं रस्ता. पाकिस्तानातून माल नेण्याची सोय नव्हती. यंत्रसामग्री समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला जायची, तिथून १,२०० किलोमीटर ट्रकने इस्लाम कलाच्या सीमेवर आणि सीमेपासून आणखी ३०० किलोमीटर साइटवर. माझा एक मित्र त्या कामावर होता. तो म्हणायचा, आपल्याकडे एखादा बोल्ट कमी पडला तर पोऱ्याला सायकलवर पाठवतो, इथे बोल्ट कमी पडला तर हंगाम जातो. आमच्याही कामाची तीच रडकथा होती. सालंग खिंडीच्या बाजूला काम करायला वर्षाचे जेमतेम सहा महिने मिळायचे. बाकीचे महिने बर्फाचे.

आता पैशाचं. तुमच्या टँकरचा पैसा सलमाला गेला, असं मला वाटत नाही. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अफगाणिस्तानच्या मदतीसाठी २०० कोटी होते आणि त्या वर्षीचा केंद्राचा एकूण खर्च ३९ लाख कोटींहून जास्त. माणला पाणी पोचत नसेल तर त्याची कारणं कालव्याच्या कामात आणि पाणीवाटपात शोधावी लागतील. ती शोधा, मी तुमच्या बाजूने आहे. हेरातच्या शेतकऱ्याचं पाणी बंद केल्याने मात्र माणची विहीर भरणार नाही.

आणि हे निव्वळ दान होतं, असंही मी सांगणार नाही. आपल्या सीमा रस्ते संघटनेने, म्हणजे बीआरओने, निमरूझ प्रांतात झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला. सुमारे ६०० कोटी रुपये लागले. जानेवारी २००९ मध्ये तो अफगाणिस्तानच्या हवाली झाला. झरंज इराणच्या सीमेवर आहे, आणि देलारामला अफगाणिस्तानचा मोठा वर्तुळमार्ग लागतो, हेरात आणि कंदाहारला जोडणारा. इराणच्या चाबहार बंदरावर उतरलेला माल पाकिस्तानला वळसा घालून काबूलपर्यंत जावा, हा त्यामागचा सरळ हिशोब. ज्या अंतराला बारा-चौदा तास लागायचे ते दोन तासांवर आलं. निमरूझच्या माणसाचाही फायदा झाला आणि आपलाही. यात लपवण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र सलमाच्या कौतुकात कुणी सांगत नाही. हरी रूद अफगाणिस्तानात संपत नाही. ती पुढे इराण आणि तुर्कमेनिस्तानच्या सीमेवरून वाहते. तिथे त्या दोन देशांचं दोस्ती धरण आहे आणि मशहद शहराचं पिण्याचं पाणी त्यातून येतं. वर सलमात पाणी अडलं की खाली ते कमी होणार. वरच्या गावाने बांध घातला की खालच्या गावाच्या पोटात गोळा येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. इराणची नाराजी तिथूनच होती. परक्या देशात धरण बांधणारा त्या नदीच्या भांडणातही उतरतो. हे आपल्या बाजूने पुरेसं बोललं गेलं नाही, असं माझं मत आहे.

प्रश्न: भारताने अफगाणिस्तानला गहू देऊ केला आणि शेवटी बिस्किटं पाठवली, असं लहानपणी ऐकलं होतं. हे खरं की गंमत?
– एक वाचक, लातूर

अगदी खरं. २००२ च्या सुरुवातीला भारताने दहा लाख टन गहू देण्याचं जाहीर केलं. पाकिस्तान आपल्या हद्दीतून ट्रक जाऊ देईना. मग त्या गव्हाची जास्त प्रथिनं असलेली बिस्किटं करून ती संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत शाळांना दिली गेली. मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम. अडचणीतून निघालेली वाट, पण पोरं शाळेत टिकायला तिचा उपयोग झाला. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये कांडला बंदरातून चाबहारमार्गे गव्हाचं पहिलं जहाज गेलं. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, तालिबान काबूलमध्ये असताना, अटारीहून पाकिस्तानातून गव्हाचे ट्रक निघाले. तेव्हा भारताने देऊ केलेला गहू ५०,००० टन होता. वीस वर्षांनी तो रस्ता गव्हासाठी उघडला.

प्रश्न: काका, मी बारावीत आहे आणि एनडीएची तयारी करतोय. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा सगळ्यांनी अफगाणिस्तानात फौजा पाठवल्या. भारताने का नाही पाठवल्या? आपण घाबरलो का?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

बाळा, घाबरलो नाही. पोळलो होतो. २९ जुलै १९८७ ला श्रीलंकेशी करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे गेली. तमिळ लोकांचं रक्षण करायला गेलेली फौज काही महिन्यांतच तमिळ वाघांशी लढायला लागली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. ज्यांच्यासाठी गेलो तेही आपल्यावर रुसले आणि ज्यांच्या सरकारने बोलावलं तेही. त्यानंतर शेजारच्या घरात बंदूक घेऊन शिरण्याबाबत दिल्ली फार सावध झाली.

दुसरं कारण नकाशात बघ. भारताची फौज काबूलमध्ये उतरली असती तर पाकिस्तानने तो आपल्याला दोन्हीकडून घातलेला वेढा मानला असता आणि त्याची किंमत अफगाण गावांनी मोजली असती. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री दिल्लीत आले, तेव्हाही आपल्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीर सांगितलं की भारताचे सैनिक अफगाण भूमीवर जाणार नाहीत.

पण लष्करी मदत शून्य होती, असं समजू नकोस. ऑक्टोबर २०११ मध्ये दोन्ही देशांत सामरिक भागीदारीचा करार झाला. त्यात अफगाण सैन्याला प्रशिक्षण आणि साहित्य देण्याचा भाग होता. लष्कराला वाहनं दिली, २०१५-१६ मध्ये चार एमआय-२५ हेलिकॉप्टरं दिली. तू ज्या खडकवासल्याची स्वप्नं बघतोस तिथे अफगाण छात्रही शिकत होते. आणि आपल्या दूतावासावर आणि त्या झरंजच्या रस्त्यावर आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, जवान पहाऱ्याला होते. रस्त्याच्या कामावरचा आपला एक ड्रायव्हर नोव्हेंबर २००५ मध्ये पळवून नेऊन मारला गेला. ७ जुलै २००८ ला काबूलच्या भारतीय दूतावासाच्या दारात गाडीबॉम्ब फुटला, ५८ माणसं गेली. त्यांत आपले लष्करी प्रतिनिधी असलेले ब्रिगेडियर होते, एक मुत्सद्दी होते, आयटीबीपीचे दोन जवान होते. बाकीचे बहुतेक अफगाण. व्हिसासाठी रांगेत उभे असलेले, रस्त्यावरून जाणारे.

आता तुला एका लष्करी माणसाबद्दल सांगतो. मेजर लैश्राम ज्योतिन सिंह, मणिपूरचे, लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. भारताची वैद्यकीय पथकं काबूल, हेरात, कंदाहार, जलालाबाद आणि मझार-ए-शरीफमध्ये लोकांना फुकट तपासायची, औषधं द्यायची. त्या कामासाठी ते काबूलला गेले होते. २६ फेब्रुवारी २०१० च्या पहाटे त्यांच्या गेस्ट हाउसवर हल्ला झाला. त्यांच्याजवळ हत्यार नव्हतं. ते हल्लेखोरावर झेपावले आणि त्याला घट्ट धरून ठेवलं. त्याने स्वतःला उडवून दिलं. मेजर गेले, आतले सहकारी वाचले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. परदेशात लष्कराचा माणूस नेमकं काय करू शकतो, असं कुणी विचारलं की मला आधी हे डॉक्टर आठवतात. सैन्य पाठवलं नाही म्हणजे सैनिक गेलेच नाहीत, असं नसतं.

फौज आणि विकासकाम एकत्र नेलं की काय होतं, तेही ऐक. हेलमंड प्रांतात कजाकी नावाचं जुनं धरण आहे. तिथे वीज वाढवायला तिसरं टर्बाइन हवं होतं. २००८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश फौजेने शेकडो टनांचे सुटे भाग कंदाहारहून शंभरेक वाहनांच्या ताफ्यात लढत लढत धरणापर्यंत नेले. हजारो सैनिक त्या मोहिमेत होते. धाडसाचं काम, यात शंका नाही. पण ते बसवायला सिमेंट लागतं आणि सिमेंट न्यायला रोजचा सुरक्षित रस्ता लागतो. तो रस्ता एका दिवसाच्या लढाईने मिळत नाही. ते भाग तिथे वर्षानुवर्षं पडून राहिले, टर्बाइन चालू व्हायला २०१६ उजाडलं. सलमाचं उद्घाटनही २०१६ चंच. सलमा काही सोपं नव्हतं. तिथेही पहाऱ्यावरचे अफगाण पोलीस २०१७ मध्ये मारले गेले. तरीही ते पोलीस त्यांच्याच देशाचे होते, धरण राखत होते ते स्वतःचं म्हणून.

आमच्या साइटवरही पहारा अफगाणांचाच. प्रत्येक टॉवरची जागा आधी सुरुंग शोधणारी माणसं तपासायची, पांढरे दगड ठेवायची, मगच आम्ही कुदळ मारायची. पांढऱ्या दगडांच्या आत पाय, बाहेर नाही. पहिला महिनाभर मी जेवायला बसतानाही खाली बघत असे.

तू एनडीएत जा, जरूर जा. अभ्यास कर. गणित कच्चं ठेवू नकोस.

प्रश्न: सर, १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं. तीन अब्ज डॉलर्सची आपली मदत पाण्यात गेली असंच म्हणायचं ना? आणि आता त्याच राजवटीच्या मंत्र्याचं दिल्लीत स्वागत. मी मुलींच्या शाळेत शिकवते. हे पचत नाही.
– एक शिक्षिका, नाशिक

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पाण्यात गेली का? दगड, सिमेंट आणि तारांपुरतं बोलायचं तर नाही. झरंज ही ६ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने घेतलेली पहिली प्रांतिक राजधानी, आपल्याच रस्त्याच्या टोकावरची. रस्ता कुणाच्या पायांना ओळखत नाही. त्याच्यावरून ते आले, आणि त्याच्यावरून निमरूझचा आजारी माणूसही दवाखान्यात जातो. सलमा उभं आहे. आमच्या वाहिनीचं म्हणाल तर तिने २०२१ च्या आधीच बरंच सोसलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये बघलान प्रांतात आयात विजेच्या मार्गावरचे मनोरे उडवले गेले आणि काबूल अंधारात गेलं. ते पुन्हा उभे केले ब्रेशना शिरकतच्या, म्हणजे तिथल्या वीज कंपनीच्या माणसांनी. गोळीबार चालू असलेल्या भागात जाऊन. आम्ही जी काही मदत केली तिचं मोल मी त्या दिवशी मोजलं. टॉवर पडला, ही बातमी वाईट होती. पण तो उभा करायला कुणी भारतातून गेलं नाही, ही मला फार मोठी बातमी वाटली.

अमेरिकेने तिथे पुनर्बांधणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले. त्यांच्याच तपासनिसांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय की कित्येक इमारती, यंत्रं अशी होती की ती चालवायला ना माणसं होती ना सुटे भाग. आम्ही फार शहाणे होतो असं नाही. आमचे पैसे कमी होते, म्हणून हातातली माणसं शिकवावी लागली.

तुमचा खरा प्रश्न मुलींचा आहे. तिथे मी 'नुकसान झालं नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणू? काबूलच्या बाग-ए-झनाना या बायकांच्या बागेत आपल्याकडच्या 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संस्थेने प्रशिक्षण केंद्र उभं केलं होतं. शिवण, रोपवाटिका, खाद्यप्रक्रिया. त्यांतल्या बऱ्याच जणी युद्धात नवरा गमावलेल्या. दरवर्षी हजारभर अफगाण मुलामुलींना भारतात शिकायला शिष्यवृत्ती होती. आज सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही नाही. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. पंधरा वर्षांच्या मुलीचं पंधरावं वर्ष परत बांधता येत नाही.

आणि इथे आपण स्वतः चुकलो, असं मला मनापासून वाटतं. २५ ऑगस्ट २०२१ ला भारताने अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. सुरक्षेचं कारण होतं, ते मी समजू शकतो. पण त्यांत आपल्याच विद्यापीठांत प्रवेश घेतलेले, सुटीसाठी घरी गेलेले विद्यार्थीही अडकले. ज्यांना आपण बोलावून शिकवलं त्यांच्यासाठी वेगळी खिडकी उघडायला हवी होती. आपल्या लष्करी अकादम्यांतल्या सुमारे ८० अफगाण छात्रांना पुढे वर्षभराचं इंग्रजीचं प्रशिक्षण देऊन ठेवून घेतलं, ते बरं केलं. तेवढीच जागा विद्यार्थिनींसाठी व्हायला हवी होती.

आता दिल्लीतल्या स्वागताबद्दल. जून २०२२ मध्ये आपलं तांत्रिक पथक काबूलच्या दूतावासात परतलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आले तेव्हा त्या पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचं जाहीर झालं. त्या दौऱ्यातल्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकाही महिला पत्रकाराला बोलावलं नव्हतं. आपल्या राजधानीत. गदारोळ झाला, मग दोन दिवसांनी दुसरी परिषद घेतली, तिला महिला पत्रकार आल्या. गदारोळ केला तो बरोबर केला.

तरी दूतावास उघडावा या बाजूचा मी आहे. औषधं, गहू, सबस्टेशनचे सुटे भाग, व्हिसाचा शिक्का, या सगळ्याला तिथे कुणीतरी बसलेलं लागतं. मात्र टेबलाच्या पलीकडच्या माणसाला दर बैठकीत मुलींच्या शाळेबद्दल विचारलं गेलं पाहिजे. गव्हाच्या प्रत्येक ट्रकमागे एकदा. तुम्ही खासदारांना पत्र लिहिणार असाल तर हेच लिहा, आणि अफगाण विद्यार्थिनींना व्हिसा आणि घरबसल्या शिकण्याची सोय मागा. भारताचं सरकार ते ठरवू शकतं, काबूलची परवानगी त्याला लागत नाही.

प्रश्न: मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्यासारखं परदेशातल्या अशा प्रकल्पावर काम करायचं आहे. काय तयारी करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

बेटा, आधी इथल्याच एखाद्या डोंगराळ लाइनवर दोन वर्षं काढ. टॉवरवर चढून बघ, तारा ओढताना उभी राहा, रिले टेस्टिंग स्वतःच्या हाताने कर. कागदावरची लाइन आणि डोंगरातली लाइन या दोन वेगळ्या जाती आहेत.

जायच्या आधी तिथली भाषा शीक, निदान दोनशे शब्द. मी दरी भाषा कामावरच शिकलो आणि पहिले चार महिने वाया घालवले. तिथे काम करणाऱ्याच्या जवळून जाताना लोक 'मांदा नबाशी' म्हणतात, म्हणजे तू थकू नयेस. त्यावर उत्तर 'झिंदा बाशी', जगत राहा. मला हे कळेपर्यंत मी नुसता मान हलवत पुढे जायचो आणि लोकांना वाटायचं की हा साहेब शिष्ट आहे. चारिकारच्या एका म्हाताऱ्या लाइनमनने मला हाताला धरून थांबवलं आणि तीनदा म्हणायला लावलं. त्या दिवसापासून सकाळचा चहा मला त्यांच्या चटईवर मिळायला लागला, आणि कुठल्या उतारावर बर्फ आधी घसरतो ते चहाबरोबर कळायला लागलं. आमच्या नकाशात ते नव्हतं.

स्थानिक हेल्परला काम दाखवताना घाई करू नकोस. तू निघून गेल्यावर ते सबस्टेशन त्याच्याच हातात असणार आहे. सगळ्या सूचना आणि आकृत्या त्याच्या भाषेत लावून ये.

आणि बर्फाच्या मुलुखात जायची वेळ आली तर हातमोज्यांचे तीन जोड ने. एक ओला होतो, दुसरा वाळत असतो, तिसरा कुणाला तरी द्यावा लागतो.